राहिलेला मलिदा

स्कारबरो,
मे २०१३, शुक्रवार दुपार

प्रिय आई,

तुला जाऊन चार वर्षं झाली आणि मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. तू होतीस तेव्हा तरी कुठे लिहीत होते म्हणा! एकाच बिल्डिंगमध्ये चौथ्या आणि नवव्या मजल्यावर राहणाऱ्या मायलेकी पत्रं लिहीत नाहीत, लिफ्टमध्ये भांडतात. आज लिहिते आहे, कारण सकाळी सोफी मावशीचा वॉटर्लूहून फोन आला. तिनं जे सांगितलं ते ऐकल्यापासून माझ्या हाताला काही सुधरत नाही. पोहे निवडायला घेतले होते, ते ताटात तसेच पडले आहेत.

वेळ थोडा आहे. पाच वाजायच्या आत मला एक फोन करायचा आहे, आणि साडेआठच्या सुमाराला शब्बाथचे दिवे लावले की लिहिणं बंद. ही तुझीच शिस्त. तेव्हा मध्येच खाडाखोड दिसली तर रागावू नकोस.

आधी बातमी ऐक. इथल्या प्रांताच्या सरकारनं मे महिना दक्षिण आशियाई लोकांच्या वारशाचा महिना म्हणून जाहीर केला, तेव्हा तू होतीस. तू म्हणाली होतीस, "आणि उरलेले अकरा महिने काय आपण इथे भाड्यानं राहतो?" आता गेल्या वर्षी ज्यू वारसा महिन्याचाही कायदा झाला. आणि कुठला महिना दिला असेल? तोही मेच! वर्षात महिने बारा, पण आपल्या दोन्ही बाजूंना नेमका एकच मिळाला. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरंच झालं, एकदाच साडी नेसावी लागेल.

तर परवा रविवारी दोन वाजता आपल्या कोपऱ्यावरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दोन्हींचा मिळून कार्यक्रम आहे. डाव्या भिंतीला दक्षिण आशियाई मंडळींची टेबलं, उजव्या भिंतीला ज्यू संस्थांची. हे सगळं बघते ती डोना. तुझी नात तालिया शाळेतर्फे तिच्याकडे व्हॉलंटियर करायला जाते. तालियानं बोलता बोलता आपण बेने इस्राएल, कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू असं सांगितलं, तर डोना जागची उठलीच म्हणे. "यू गाइज आर बोथ?" मग तिनं मला फोन केला. हॉलच्या मधोमध एक टेबल तुझं, म्हणाली, तुमच्याकडचं काहीतरी खास आण. मी म्हटलं, मलिदा आणते.

बघ, इथपर्यंत मी चांगलीच वागले होते.

मग तिनं एक फॉर्म पाठवला. टेबलावर ठेवायच्या कार्डासाठी आपल्या कुटुंबाविषयी दोन ओळी हव्या होत्या. मी ग्रोसरीच्या लायनीत उभी होते. तिथेच फोनवर भरून टाकला. लिहिलं ते असं: माझे वडील ज्यू होते, माझी आई भारतीय होती. हा गोड पदार्थ त्या दोघांचा आहे.

आता तू नक्की उठून बसली असशील.

डोनाला फार आवडलं. "परफेक्ट ब्रिज," म्हणाली. इतकं सोपं, सुटसुटीत! उजवीकडच्या माणसांना कळलं, डावीकडच्यांना कळलं. आणि काल मी तेच कौतुकानं सोफी मावशीला फोनवर वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, "बरं" म्हणाली आणि ठेवून दिला. मावशी आणि एका शब्दात फोन ठेवते! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आई, ज्यूपण आईकडून येतं. हे मी तुला सांगायचं? बाप कोण का असेना, आई ज्यू तर पोर ज्यू. तुझी आई ज्यू, तिची आई ज्यू, अशी ती ओळ मागे मागे थेट आपल्या पूर्वजांना घेऊन येताना नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या त्या गलबतापर्यंत जाते. हे मला पाचव्या वर्षापासून पाठ आहे. तरी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी काय लिहिलं? आणि अकराव्या वर्षी मी काय बोलले होते?

ते मी तुला कधीच सांगितलं नाही. आज सांगते.

इथे आल्यावरचा दुसरा हिवाळा. आपण बेसमेंटमध्ये राहत होतो, बाबा कारखान्यात पाळ्या करत होते, तू पडदे शिवायला जायचीस. रविवारी मी सिनेगॉगच्या हिब्रू शाळेत. त्या दिवशी तू मला न्यायला आलीस. आत गरम होतं म्हणून कोटाची बटणं सोडली होतीस आणि गळ्यातलं मंगळसूत्र बाहेर आलं होतं. तू खाली वाकून माझ्या बुटांची चेन लावत होतीस. शेजारच्या मुलीनं विचारलं, "व्हॉट्स दॅट ब्लॅक थिंग? इज युअर मॉम हिंदू?"

मी म्हटलं, "येस. माय डॅड इज ज्यूइश."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मला वाटलं, किती हुशारीनं सुटले. आपल्यातल्या बायका मंगळसूत्र घालतात, हिरवा चुडा भरतात, मेंदी काढतात आणि तरी ज्यू असतात, एवढं कोण समजावणार? बाबा ज्यू म्हटलं की झालं. त्या शाळेत जो नियम सगळ्यात आधी शिकवतात तोच मी विसरले. तुला वगळलं तेव्हा मी मलाही वगळलं होतं. आपल्याच पायावर धोंडा, तोही दोन्ही हातांनी उचलून.

पुढचं तुला माहीत आहे. पंधरा दिवसांत घरी पत्र आलं. भाषा अगदी नम्र, पण अर्थ एकच: मुलीची आई ज्यू असल्याचा काही कागद आहे का? बाबा पत्र हातात घेऊन पलंगावर बसून राहिले. मग त्यांनी ठाण्याला लिहिलं, आपल्या सिनेगॉगच्या मुकादमांना, म्हणजे प्रमुखांना. उत्तर यायला सगळा हिवाळा गेला. तोवर मी हिब्रू शाळेत जायचं नाही. रविवार सकाळी तू पोळ्या लाटायचीस आणि मी खिडकीतून लोकांचे पाय बघत बसायचे. तुम्ही दोघं हळू आवाजात बोलायचात. कुणाला शंका आली असेल? कोण बोललं असेल? खाई त्याला खवखवे! मी उठून वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडायचे.

कागद आला, जांभळ्या शिक्क्याचा. बाबांनी नेऊन दाखवला. त्या लोकांनी माफी मागितली, चांगली माणसं होती ती, चूक त्यांची नव्हतीच. पण तू पुन्हा तिथे पाऊल टाकलं नाहीस. एक बाई घरी समजूत घालायला आल्या होत्या, आठवतं? बाबा मध्ये दुभाषी. बाईंनी सहज विचारलं, तुम्हाला तुमच्या खेड्यात कसं कळलं की तुम्ही ज्यू आहात? तू म्हणालीस, "त्यांना म्हणावं, मासे घेऊन या. पंख आणि खवले असलेले, आम्हाला धर्मानं खायला चालणारे, मी वेगळे काढून देते. आमच्या आज्या तेवढंच करत आल्या." बाबांनी काय भाषांतर केलं कोण जाणे, बाई हसून चहा प्यायल्या.

त्यानंतर तो खिळा आला. दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीवरच्या प्रार्थनेच्या डबीच्या, मझुजाच्या, जरासा खाली. बाहेर जाताना तू मंगळसूत्र काढून तिथे अडकवायचीस, घरी आलीस की आधी ते गळ्यात, मग बूट काढायचे. ह्या बिल्डिंगमध्ये आलो तर इथेही पहिल्याच दिवशी बाबांकडून खिळा ठोकून घेतलास. मी धरून चालले की तू त्या सिनेगॉगवर रुसली आहेस. मला बरंच होतं ते. तुझा राग दुसऱ्या कुणावर आहे म्हटल्यावर माझी झोप शाबूत!

आणि आज सकाळी मावशी म्हणते, "शुले, तुझ्या आईला ठाऊक होतं."

मी म्हटलं, शक्य नाही, तिला तेव्हा इंग्रजी कुठे येत होतं?

"हिंदू, येस, डॅड, ज्यूइश," मावशी म्हणाली. "चार तर शब्द होते. तेवढं इंग्रजी आम्हाला ठाण्यातही कळत होतं."

तू तिला निळ्या एरोग्रॅमवर सगळं कळवलं होतंस म्हणे. कागद मागवणारं पत्र येण्याच्याही आधी! म्हणजे तो सबंध हिवाळा, बाबा पलंगावर बसून "कुणी बोललं असेल" म्हणत होते तेव्हा, तू पोळ्या लाटत होतीस आणि तुला ठाऊक होतं. मी नळ सोडून आत बसायचे तेही तुला ऐकू येत होतं. एक शब्द बोलली असतीस, की पोर आहे, घाबरून खोटं बोलली, तर दुसऱ्याच दिवशी प्रश्न मिटला असता. तू मला वाचवायला तुझ्या ज्यूपणावर शिक्का मारून आणलास.

का, आई? एक थोबाडीत दिली असतीस तर मी रडून मोकळी झाले असते. लिफ्टमध्ये मी मीठ जास्त खाते म्हणून भांडायचीस, तालियाला मराठी येत नाही म्हणून भांडायचीस, आणि एवढी गोष्ट गिळून बसलीस? मला तुझा राग येतो आहे. खरंच येतो आहे. गेलेल्या माणसावर रागावलं की उत्तर मिळत नाही, हा केवढा अन्याय!

मग मावशीनं पुढचं सांगितलं.

त्याच एरोग्रॅमवर तू नवस लिहिला होतास. मावशीला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "एलियाहू हन्नबी, माझी पोर चारचौघांत आपल्या तोंडानं माझी खरी ओळख सांगेल, त्या दिवशी पाच नारळांचा मलिदा करीन."

तू किती मलिदे केलेस ग! मी ड्रायव्हिंगला पास झाले, मलिदा. बाबांचं ऑपरेशन, मलिदा. तालिया झाली तेव्हा तर बर्फाच्या वादळात पोहे मिळेनात, तू बाबांना तीन दुकानं हिंडवलंस. पोहे, खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, ताट भरायचं, नवसाला पावणाऱ्या त्या प्रेषिताची, एलियाहू हन्नबीची प्रार्थना म्हणायची, आणि ती संपेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आईचे नवस काय, बोलायचा अवकाश की फिटतात. आणि हा एक तेहेतीस वर्षं तसाच राहिला होता, तुझ्याबरोबर गेला.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी मावशीवर ओरडले.

"तिनं शपथ घातली होती. सांगून करून घ्यायचं तर नवस कशाला? पण तू काल ते वाचून दाखवलंस आणि मला राहवेना. शुले, तू पुन्हा तेच लिहिलंस ग."

पुन्हा तेच. आई, आता मला कुणी बुटांची चेन लावत नव्हतं, कुणी पोरगी प्रश्न विचारत नव्हती. सरकारनं कायदे करून सांगितलं होतं, या, महिनाभर आपलं नाव मोठ्यानं घ्या. आणि मी ग्रोसरीच्या लायनीत उभ्या उभ्या तुला पुन्हा वगळलं. का माहीत आहे? खरं सांगायचं म्हणजे फार सांगावं लागतं. गलबत, कोकण, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं दिलेलं शनवार तेली हे नाव, आणि एवढं सांगून झाल्यावर समोरचा म्हणतो, "बट हाऊ?" खोटं दोन ओळीत मावतं. मला सवय झाली आहे. इतकी, की ते खोटं आहे हेही मला आठवेनासं झालं होतं.

आणि मलिद्याला मी काय म्हटलं? गोड पदार्थ! डोना छोट्या प्लॅस्टिकच्या कपांत घालून दारातच वाटायचं म्हणत होती, मी "शुअर" म्हटलं होतं. प्रार्थनेआधी! तू वरून बघत असशील तर तुझ्या कपाळावरची ती शीर मला इथून दिसते आहे.

थांब. पावणेपाच झाले. फोन करून येते.

केला. कार्डं दुपारीच छापून झाली म्हणे.

"दे लुक गॉर्जस!" डोना म्हणाली. मी म्हटलं, त्यात चूक आहे. "टायपो?" मी म्हटलं, नाही, टायपो नाही, मिस्टेक. "हाऊ बॅड?" मी म्हटलं, "थर्टी-सेव्हन इयर्स बॅड." मग मी सांगत सुटले, पण फोनवर ते सगळं सांगताना माझं इंग्रजी अकरा वर्षांच्या मुलीसारखं झालं. ती शेवटी म्हणाली, आता पुन्हा छापणं काही होत नाही, पण तुला माइक देऊ का, सव्वादोनला, पाच मिनिटं? मागच्या आठवड्यात तिनं हेच विचारलं होतं तेव्हा मी कानांवर हात ठेवले होते. आज मी हो म्हटलं. आणि कप नकोत हेही सांगितलं. प्रार्थना होईपर्यंत ताटाला कुणी हात लावायचा नाही. "इज इट रिलिजस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, येस. ते म्हणतानासुद्धा माझा आवाज बारीक झाला.

हो म्हटलं खरं, पण एक गोष्ट आहे. उजव्या भिंतीला कोणाकोणाची टेबलं आहेत त्याची यादी तालियानं आणली आहे. त्यात ते सिनेगॉग आहे, आई. तेच. बुटांची चेन, जांभळा शिक्का, तेच. त्यातलं मला ओळखणारं आता कुणी असेल का? ती मुलगी असेल का? असली तर तीही माझ्याएवढीच बाई झाली असेल. तिला तो प्रश्न आठवत असेल का, की मी एकटीच तो इतकी वर्षं सांभाळत बसले आहे?

आणखी एक सांगायचं राहिलं. मी डोनाशी बोलत होते तेव्हा तालिया दारात उभी होती. तू गेल्यावर आम्ही चौथा मजला सोडून तुझ्याच घरात राहायला आलो, तुझ्या खिळ्याला आता गाडीच्या किल्ल्या असतात. तिनं खिळ्याकडे बघितलं. "सो इट वॉजन्ट फॉर कीज?" मी तिला सांगितलं तो कशासाठी होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. सतरा वर्षांची आहे, तुझं नाक, तुझी हनुवटी. मग म्हणाली, "मॉम, यू मेड ग्रॅमा नॉट ज्यूइश. देन यू आर नॉट. देन आय ॲम नॉट." मला जे कळायला इतकी वर्षं लागली ते तिनं एका दमात, बोटं मोजल्यासारखं सांगितलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर ती मागे सरकली.

"फिक्स इट," म्हणाली, आणि खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं हळूच लावलं, अगदी तुझ्यासारखं.

अर्ध्या तासानं बाहेर आली. किल्ल्या खिळ्यावरून काढून तिनं टेबलावर ठेवल्या. मग फ्रीजजवळच्या पिशवीतले नारळ मोजले. तीनच होते. चपला घालून खाली गेली. आता तिच्या हाताशी दोन नारळ आहेत आणि ती ते कानाशी धरून हलवून बघते आहे, पाणी आहे का ते. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही.

आठ वाजून गेले. मावशी रविवारी सकाळीच येते आहे, प्रार्थना म्हणायला आपल्यातले दाविद अंकल येणार आहेत. पोहे मी आता निवडून घेतले, एक खडा निघाला. दिव्यांना वाती घातल्या आहेत.

तर आई, ऐक. कार्ड तिथे असेल, चकचकीत, खोटं. ते मी ताटाखाली घालीन. मी गलबतापासून सुरुवात करणार नाही, तेलाच्या घाण्यापासूनही नाही. कुणी "बट हाऊ" म्हटलं तर म्हणावं त्यानं. त्याला सांगीन, मासे घेऊन या. पण त्याच्या आधी, एलियाहू हन्नबीचं नाव निघायच्या आधी, नारळाच्या पहिल्या कणाला कुणाचं बोट लागायच्या आधी, मी उजव्या भिंतीकडे तोंड करून तुझं नाव घेईन आणि चार शब्द बोलेन. तुला तेवढं इंग्रजी कळतं, हे आता मला माहीत आहे.

माय मदर वॉज ज्यूइश.

तुझी,
शुला